जुन्या मिनिएचरवरचा रंग उतरवताना: प्लास्टिकला धक्का न लावता

मामांच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात वीस-बावीस प्लास्टिकचे शिपाई, म्हणजे छोटी मॉडेलं किंवा मिनिएचर, होते. कॉलेजात असताना त्यांनी ते हौसेने जोडले आणि दारं-खिडक्यांसाठी आणलेल्या ऑइलपेंटमधून उरलेल्या रंगाने रंगवले. पुढे घरातल्या कोणी तरी त्यावर आणखी एक हात दिला आणि तिसरा हात लहानपणी मी. खोकं माझ्या ताब्यात आलं तेव्हा शिपायांना नाक-डोळे राहिले नव्हते, बंदुकीचा घोडा दिसत नव्हता, कोटाच्या बटणांच्या जागी नुसता उंचवटा उरला होता.

पहिल्याच दिवशी मी खोक्यातला एक प्लास्टिकचा घोडा घालवला. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या थिनरमध्ये तो बुडवला. दहा मिनिटांत रंग सुटला, पण पायही च्युइंगमसारखे मऊ झाले आणि आयाळीच्या रेघा पुसून गेल्या. तो घोडा अजून माझ्या टेबलावर आहे. इंदूरमध्ये माझ्याकडे हे काम शिकायला जो कोणी येतो, त्याला मी आधी तो हातात देतो.

कारण या कामाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो, की रंग हट्टी असेल तर औषध जहाल हवं. खरं तर हे भिजवण्याचं काम आहे. हरभरे रात्री भिजत घालतो, सकाळी ते आपोआप फुगलेले असतात, तसंच. द्रव सौम्य असावा आणि वेळ भरपूर द्यावा. ब्रशला शेवटी थोडंसंच काम उरलं पाहिजे.

आधी, उतरवायचाच आहे का?

रंगाचा थर पातळ असेल आणि कपड्यांच्या चुण्या, बोटं, चेहरा स्पष्ट दिसत असेल, तर रंग उतरवू नका. भांड्यांच्या साबणाने हलक्या हाताने धुवा, वाळवा, वर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, पातळ हात द्या आणि नव्याने रंगवा. निम्म्याहून जास्त मॉडेलांना एवढंच पुरतं. थर जाड होऊन बारकावे बुजले असतील, रंग ओघळून सुकला असेल, ब्रशचे केस त्यात अडकले असतील किंवा स्प्रे धुळीसारखा खरखरीत बसला असेल, तरच पुढे वाचा. आणि काहीही करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. चिकटवलेली चिन्हं, आकडे, झेंड्याची नक्षी यातलं काहीच वाचणार नाही.

प्लास्टिक कुठलं आहे?

रंगापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चौकटीतून भाग तोडून जोडायच्या संचातलं प्लास्टिक बहुतेक वेळा कडक पॉलिस्टायरीन असतं. टेबलावर टाकलं तर टक्क वाजतं, वाकवलं तर आधी पांढरी रेघ उमटते आणि मग कडकन मोडतं. 1/72 मापाचे, म्हणजे जेमतेम अडीच सेंटीमीटर उंचीचे जुने शिपाई बऱ्याचदा मऊ पॉलिथिनचे असतात. त्यांच्या बंदुका वाकतात आणि परत सरळ होतात. त्यांच्यावर मुळात रंग धरतच नाही, त्यामुळे कोमट साबणपाण्यात भिजवून ब्रश मारला तरी खपल्या निघतात. न रंगवलेला तुकडा हाताशी असेल तर एक सोपी परीक्षा आहे: पाण्यात टाका आणि हवेचे बुडबुडे झटका. पॉलिथिन तरंगतं, पॉलिस्टायरीन सावकाश तळाला जातं.

रेझिनचे पुतळे वेगळे. घासल्यावर त्यांची खडूसारखी पूड पडते. थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनवर जवळून पाहिलं की बारीक थरांच्या रेघा दिसतात. या दोन्हींना खाली सांगितलेले द्रव तासन् तास सोसत नाहीत. पातळ भाग मऊ पडतात किंवा पुढे तडकतात. रेझिनला एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मिनिएचर थंड आणि जड लागलं तर ते धातूचं. जुन्या धातूच्या पुतळ्यांत शिसं असू शकतं, म्हणून त्यांना कानस लावू नका आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

ओळख पटली असं वाटलं तरी चाचणी करा. संचाच्या चौकटीचा उरलेला तुकडा सगळ्यात उत्तम. तो नसेल तर तुटका हात, जादा शस्त्र, काहीही चालेल. जो द्रव वापरणार त्यात तो चोवीस तास बुडवून ठेवा. बाहेर काढून नखाने दाबा. मऊ, चिकट, धुरकट किंवा तडकलेला वाटला तर तो द्रव त्या मॉडेलसाठी बाद. मी त्या दिवशी एवढं केलं असतं तर घोडा वाचला असता.

मग रंगाची ओळख

मॉडेलच्या तळाशी, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी अर्धा मिनिट घासा. काडीवर रंग उतरला तर तो ॲक्रिलिक (पाण्यात कालवायचा रंग) समजा, काम सोपं आहे. काहीच उतरलं नाही तर ऑइलपेंट, मॉडेलांचा इनॅमल किंवा स्प्रेचा लॅकर असेल. ऑइलपेंट नुसता वाळत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो घट्ट जाळीसारखा होतो आणि वर्षं जातात तसा आणखी कडक होतो. म्हणून मामांच्या शिपायांसारखं जुनं काम एका तासात होत नाही.

जुन्या ऑइलपेंटबाबत एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दशलक्षात 90 भाग अशी ठरवणारे नियम 2016 मध्ये आले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या डब्यांतल्या रंगात, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसं भरपूर असू शकतं. तेव्हा असा रंग कोरडा खरवडायचा नाही, पॉलिश पेपर मारायचा नाही आणि फुंकरही मारायची नाही. जे काही करायचं ते ओलं असतानाच. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे पाळा.

कोणता द्रव?

ॲक्रिलिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात. ते रंगाच्या थरात शिरून त्याला फुगवतं, त्याची प्लास्टिकवरची पकड सुटते, आणि पॉलिस्टायरीनला काही करत नाही. 99 टक्क्यांचं घ्या. औषधांच्या दुकानात मिळणारं 70 टक्क्यांचं चालतं, पण त्यात पाणी असल्यामुळे ते हळू काम करतं. इंदूरमध्ये शोधायचं तर जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. सर्किट पुसायला ते हेच वापरतात. नाही तर दवा बाजारात चौकशी करा. बाटलीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टक्केवारी स्पष्ट छापलेली हवी. नुसतं ‘पीसीबी क्लीनर’ लिहिलेली बाटली घेऊ नका, तिच्यात दुसरी द्रावकं मिसळलेली असू शकतात.

ऑइलपेंट आणि इनॅमलसाठी मी डेटॉलचं तपकिरी अँटिसेप्टिक लिक्विड वापरतो, पाणी न घालता. त्याच्या लेबलवर क्लोरोझायलेनॉल 4.8 टक्के आणि टर्पिनिऑल 9 टक्के लिहिलेलं दिसेल. पाइनच्या तेलासारखा वास असलेलं हे टर्पिनिऑल जुना रंग सैल करायला मदत करतं. कंपनीने ते या कामासाठी बनवलेलं नाही, त्यामुळे तुकड्यावरची चाचणी इथेही सोडू नका. घरात मांजर असेल तर डेटॉलचं भांडं तिच्या वाटेत अजिबात ठेवू नका. फिनॉल वर्गातली रसायनं मांजरांचं शरीर नीट पचवू शकत नाही आणि पायाला लागलेलं ती चाटून पोटात घेते.

आता जे वापरायचं नाही ते. एनसी थिनर, ॲसिटोन, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर, अगदी ‘ॲसिटोनविरहित’ लिहिलेलासुद्धा, कारण त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं आणि तेही पॉलिस्टायरीन विरघळवतं. मॉडेल जोडायचं प्लास्टिक सिमेंट याच तत्त्वावर चालतं: दोन्ही कडा किंचित वितळवून एकजीव करतं. जे सांध्यावर थेंबभर हवं असतं, त्यात अख्खं मॉडेल बुडवलं की काय होणार हे वेगळं सांगायला नको. लाकूड-लोखंडावरचा पेंट रिमूव्हरही नको, तो प्लास्टिकला खातो आणि त्याच्या वाफा फुप्फुसांना वाईट. कॉस्टिक सोडा पॉलिस्टायरीनला फारसं काही करत नाही, पण एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. ब्रेक ऑइलने रंग निघतो हे खरं, पण ते विषारी आहे, कातडीला त्रास देतं आणि काही प्लास्टिक ठिसूळ करतं. नव्या माणसाने या तिघांच्या वाटेला जाऊ नये. आणि दोन द्रव कधीही एकत्र करायचे नाहीत. ब्लीच किंवा टॉयलेट क्लीनर तर या टेबलाच्या आसपासही नको.

जागा आणि वेळ

आयपीएचा भडकबिंदू साधारण 12 अंश सेल्सिअस आहे. म्हणजे जानेवारीतल्या दुपारीसुद्धा त्याच्या वाफेला ठिणगी पुरते, मग एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर तर बोलायलाच नको. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरवरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. स्वयंपाकघरात हे काम नाही. देवघरातली समई, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, गीझर, कोणाची सिगारेट, सगळ्यांपासून लांब. उन्हाळ्यात मी पहाटे सहाच्या सुमाराला गच्चीवर बसतो आणि ऊन चढायच्या आत आवरतो. हिवाळ्यात सावलीतली बाल्कनी चालते. तोंडाला एन-95 बांधून आत बसलात तर फायदा नाही. तो धूळ अडवतो, वाफ नाही. मोकळी हवा हाच खरा उपाय.

हातात नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्म्यावरूनही बसेल असा गॉगल हवा. गॉगलला बरेच जण कंटाळतात, पण टूथब्रशचे केस सुटतात तेव्हा थेंब नेमके डोळ्यांच्या दिशेने उडतात. गेलाच थेंब तर साध्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टर गाठा.

बाकी सामान घरातलंच: घट्ट झाकणाची काचेची बरणी, जुनी चहाची गाळणी, एक मऊ आणि एक मध्यम टूथब्रश, बांबूचे टूथपिक, स्टीलचं ताट, जुनी फडकी. बरणीवर मोठ्या अक्षरांत ‘विष, पिऊ नये’ लिहून पट्टी चिकटवा. आयपीए पाण्यासारखं दिसतं, आणि आपल्या घरांत काचेच्या बरणीतलं पारदर्शक काही पाणीच समजलं जातं. कोणी चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

प्रत्यक्ष काम

मॉडेल आधी साबणाने धुवून पूर्ण वाळवा. वेगळे करता येतील तेवढे भाग वेगळे करा. फेविक्विकने जोडलेला सांधा असेल तर मॉडेल पिशवीत घालून तीन-चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने तो डिंक ठिसूळ होतो आणि हलक्या हाताने मुरगळलं की कट्ट आवाज करून सुटतो. प्लास्टिक सिमेंटचा सांधा सुटणार नाही, त्याच्याशी झटापट करू नका.

बरणीत मॉडेल बुडेल इतकंच आयपीए ओता, दोन-तीनशे मिलिलिटर पुष्कळ झालं. वर थोडी जागा मोकळी सोडून झाकण लावा आणि सावलीत ठेवा. अर्ध्या तासाने पहिल्यांदा पाहा. ॲक्रिलिकला सुरकुत्या पडलेल्या दिसतील, कुठे कुठे दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटलेला असेल. सुटलेला नसेल तर दर तासाला पाहा. चोवीस तासांच्या पुढे जाऊ नका. तेवढ्यात जे निघालं नाही ते पुढेही बहुधा निघत नाही.

आता मॉडेल ताटात घ्या आणि मऊ ब्रशने गोल-गोल घासा. ब्रश मधून मधून द्रवात बुडवत राहा. मॉडेल हवेत दोन मिनिटं सुकलं तरी सुटलेला रंग पुन्हा चिकटून बसतो. तलवारी, भाले, घोड्याचे पाय घासताना तो भाग मागून बोटाने धरा. काखेत, पट्ट्याखाली, दाढीत अडकलेला रंग टूथपिकचं टोक भिजवून काढा. सुई किंवा ब्लेड नको. पॉलिस्टायरीनवर त्याचा ओरखडा लगेच उठतो आणि नव्या रंगाखालून तो दिसत राहतो.

घासून काही राहिलं तर पुन्हा बुडवा. मामांच्या एका शिपायाला मी तीन फेऱ्या दिल्या. तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा मिशा दिसल्या, मग हनुवटीखालची पट्टी, मग कोटावरची सात बटणं. मामांना फोटो पाठवला, तर त्यांनी लगेच फोन केला आणि म्हणाले, ‘अरे, याला मिशा होत्या हे मी विसरलोच होतो.’

डेटॉलचं काम थोडं वेगळं आहे आणि इथेच नवे लोक फसतात. मॉडेल त्यात चोवीस तास ठेवा, जुन्या ऑइलपेंटला अठ्ठेचाळीस. बाहेर काढल्यावर लगेच नळाखाली धरायचं नाही. पाणी लागताच डेटॉल दुधाळ होतं आणि सुटलेला रंग डांबरासारखा चिकट होऊन मॉडेलवर, ब्रशवर, हातमोज्यांवर बसतो. आधी ताटात थोडं नवं डेटॉल घ्या, त्यातच मॉडेल घासा, रंग गेला की दुसऱ्या ताटातल्या स्वच्छ डेटॉलमध्ये बुडवून काढा, आणि मगच साबण आणि कोमट पाणी. कोमट म्हणजे हाताला सोसेल एवढंच. गरम पाण्याने पातळ भाग वाकडे होतात.

शेवटची धुलाई बादलीवर गाळणी धरून करा. फेविक्विकचे कमकुवत झालेले सांधे याच वेळी सुटतात आणि सहा मिलिमीटरचा हात मोरीच्या जाळीतून गेला की परत मिळत नाही.

काही जागी काळपट किंवा लालसर डाग राहतील. लाल आणि काळे रंग प्लास्टिकला थोडे रंगवतात, मोटारींसाठीचा स्प्रे प्रायमर तर खोबणीत चिकटूनच बसतो. बोटाला थर जाणवत नसेल तर तो डाग सोडून द्या, प्रायमरखाली तो झाकला जातो. सांध्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं तर तो जुन्या फेविक्विकचा अवशेष. टूथपिकने निघतो तेवढा काढा.

उरलेल्या द्रवाचं काय?

आयपीए फेकू नका. बरणी दोन दिवस स्थिर ठेवली की रंगाचा गाळ तळाला बसतो. वरचा द्रव जुन्या सुती फडक्यातून दुसऱ्या बरणीत गाळून घ्या आणि पुन्हा पुन्हा वापरा. गढूळ असला तरी तो पहिल्या फेरीला चालतो.

गाळ मोरीत ओतायचा नाही. आपल्या नाल्यांचं पाणी कान्ह नदीत जातं आणि ती उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. गाळ वर्तमानपत्रावर काढून मोकळ्या हवेत, सावलीत, आगीपासून लांब पूर्ण सुकू द्या आणि कागदासकट पिशवीत घट्ट बांधा. वापरलेलं डेटॉलही तसंच लाकडाच्या भुशात जिरवून पिशवीत बांधतो. पहिली धुलाई केलेल्या बादलीतलं पाणी निवळू द्या, तळाच्या खपल्या फडक्याने टिपून त्याच पिशवीत टाका. सकाळी महापालिकेची गाडी येते तेव्हा तिच्यातल्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात हे टाकू नका. घरगुती घातक कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो, त्यात द्या. हातमोजेही त्यातच. सहा प्रकारांत कचरा वेगळा करायची सवय इंदूरकरांना लागलेलीच आहे, त्यात रंगाची ही पुडी अवघड नाही.

मॉडेल जाळीवर किंवा फडक्यावर चोवीस तास वाळू द्या. उन्हात नाही, बंद गाडीत तर अजिबात नाही. गडद प्लास्टिक तापून वाकतं. मग प्रायमरचे दोन पातळ हात, मधे अर्धा तास सोडून. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रे प्रायमर धुरकट बसतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये उतरवलेले शिपाई मी डब्यात कापूस घालून ठेवतो आणि प्रायमर थेट दसऱ्याच्या आसपास मारतो. मामांचे सतरा झाले आहेत, चार अजून डेटॉलमध्ये आहेत.